ज्याचा दुसरा फोटो नाही

नाना जिवंत माणसाचं काम घेत नसत. कोणी लग्नातला फोटो मोठा करून मागायला आलं, तर ते समोरच्या स्टुडिओकडे हात करायचे आणि खाली मान घालून आपल्या कामाला लागायचे. घरातलं कोणी गेलं, आणि गेलेल्याचा एकही फोटो नाही असं ज्यांच्या नंतर लक्षात आलं, अशी माणसं त्यांच्याकडे यायची. साक्रीकडच्या, शिरपूरकडच्या खेड्यांत त्या काळी अशी घरं पुष्कळ होती. सुतक फिटायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी पाटावर काय ठेवायचं आणि हार कशाला घालायचा, असा प्रश्न पडायचा. मग गावातलं कोणीतरी सांगायचं की धुळ्याला पाचकंदीलजवळच्या गल्लीत एक जण आहे, तो न बघितलेल्या माणसाचा चेहरा काढून देतो.

ते खरं होतं. गेलेल्याचे भाऊ, बहिणी, मुलं यांना नाना एका बाकावर ओळीनं बसवायचे आणि डोळे मिटून एकेकाच्या कपाळावरून, भुवयांच्या हाडावरून, जबड्यावरून बोटं फिरवायचे. बायकांना हात लावत नसत. त्यांना स्वतःचं बोट स्वतःच्या नाकावरून फिरवायला सांगायचे आणि त्या बोटाकडे बघत बसायचे. माणूस गेला तरी चेहरा घरातच असतो, फक्त वाटला गेलेला असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. एका मुलाकडे कपाळ जातं, मुलीकडे ओठ जातात, नातवाकडे कान. ते सगळं परत गोळा करायचं, एवढंच काम.

प्रश्नही वेगळेच विचारायचे. नाक कसं होतं, रंग कसा होता, हे कधी विचारलं नाही. झोपेतून उठवलं तर आधी काय करायचा? रागावला की कुठे बघायचा? उधारी मागायला कोणी आलं की चेहरा कसा व्हायचा? लोक सांगता सांगता हसायचे, मग रडायचे. नाना दोन्हीकडे लक्ष देत नसत. ते फक्त सांगणाऱ्याचं तोंड बघायचे, कारण सांगताना माणूस नकळत तसं तोंड करून दाखवतो.

नानांविषयी मी आजवर कोणाला सरळ सांगितलेलं नाही. सांगायला लागलो की गोष्ट फिरून माझ्यावर येते, आणि मी विषय बदलतो. आता पन्नाशी उलटली. आई गेली. ऐकून वाईट वाटेल असं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी नाना धुळ्यातल्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. ती नोकरी कशी सुटली, हे मला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी दहावीच्या वर्गाचं भिंतभर चित्र काढलं होतं, सगळी मुलं आपापल्या बाकांवर बसलेली. त्यातला एक मुलगा नववीतच विहिरीत बुडून गेला होता. नानांनी तोही काढला, त्याच्या बाकावर. पण गेला तेव्हा होता तसा नाही. इतर मुलांइतकाच वाढलेला, वरच्या ओठावर कोवळी मिसरूड आलेली. संमेलनाला त्या मुलाचे वडील आले, चित्रासमोर उभे राहिले, आणि हळूच तिथेच जमिनीवर बसले. त्यांना उठवायला बराच वेळ लागला. मुख्याध्यापकांनी ते तोंड पुसून टाकायला सांगितलं. हजेरीतून तुम्ही काढलंत, मी कशाला काढू, असं म्हणून नानांनी खडू टेबलावर ठेवले आणि घरी गेले. ते चित्र पुढे चुन्याखाली गेलं. पण पावसाळ्यात भिंत ओली झाली की त्या एका बाकापाशी काहीतरी दिसतं, असं मुलं म्हणायची.

अर्धवट चेहऱ्यासमोर नाना जेवत नसत. डबा उघडायच्या आधी चित्रावर आपलं उपरणं टाकायचे. चित्र पुरं झालं की त्याच्या समोर बसून हलक्या आवाजात, घरात बोलायचे तशा अहिराणीत विचारायचे, "बरोबर शे का?" आणि मान किंचित तिरकी करून थांबायचे. कधी लगेच उठून फ्रेमवाल्याकडे निघायचे, कधी मान हलवून पुन्हा कामाला बसायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला मनातून हसू आलं. पण ते थांबले होते तेवढा वेळ मीही श्वास धरून ऐकत होतो, हे मला नंतर कळलं.

त्यांची माझी ओळख कॉम्प्युटरमुळे झाली. मी जळगावला, नव्या पेठेत एका जिन्यावरच्या खोलीत कॉम्प्युटर जोडून विकायचो. मुंबईहून सुटे भाग रात्रीच्या बसमधून यायचे आणि मी ते इथे बसवून द्यायचो. गिऱ्हाइकं म्हणजे डाळ मिलवाले, केळीचे व्यापारी, एखादा डॉक्टर. एके दिवशी दुपारी धुळ्याच्या एसटीतून उतरून नाना आले, खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात टेबलावर पसरून म्हणाले, "बघा, भाऊ." हात थरथरत होते. एक रेघ ओढली तर दोन होतात, म्हणाले. पुण्याचा भाचा सांगत होता की कॉम्प्युटरवर चेहऱ्याचे तुकडे जोडता येतात आणि हात चुकला तर मागे जाता येतं. कोणतं मशीन घ्यावं, तेवढं सांगा.

मी त्यांना दोन रस्ते सांगितले. एक साधा पेंटियम. दुकानांत, घरांत, दवाखान्यांत तोच जात होता. दुसरा पेंटियम प्रो, ज्याला जाहिरातींत वर्कस्टेशनचा प्रोसेसर म्हणायचे. पुलांची, यंत्रांची गणितं करणारे इंजिनिअर तो घ्यायचे. त्याचा बोर्ड वेगळा, मेमरी वेगळी, त्यावर चालवायची विंडोजही वेगळी. किंमत ऐकून गिऱ्हाईक चहा अर्धा ठेवून उठायचं.

नानांनी किंमत विचारली नाही, वेगही विचारला नाही. मीच प्रामाणिकपणे सांगितलं की तुमच्या कामाला मोठ्या प्रोसेसरचा फार उपयोग नाही. विंडोज ९५ वरचे जुन्या धाटणीचे प्रोग्राम त्यावर उलट हळू चालतात. तेवढ्या पैशात साधा पेंटियम, चांगला स्कॅनर, मोठा मॉनिटर आणि प्रिंटर, असं सगळं बसतं. यातला शब्द न् शब्द खरा होता. आजही कोणी विचारलं तर त्या काळच्या हिशोबानं मी हेच सांगेन, आणि म्हणूनच मला माझी सुटका करून घेता येत नाही.

"चुकतं का?" नानांनी विचारलं.

मी विचारलं, कोण?

"मशीन."

मग मी समजावलं. कॉम्प्युटरला चित्र म्हणजे नुसते आकडे. प्रत्येक ठिपक्याचा एक आकडा, आणि काम चालू असताना ते सगळे मेमरीत असतात. क्वचित एखादा आकडा आपोआप बदलतो. मेमरीची चिप कमजोर असते, कधी गरम होते, कधी काही कारणही सापडत नाही. साध्या मशीनला ते कळत नाही, ते तसंच पुढे जातं. महागड्या मशीनच्या मेमरीत आकड्यांबरोबर पडताळणीचे जादा आकडे ठेवलेले असतात. काही बदललं तर ते ओळखतं, दुरुस्त करतं, आणि दुरुस्त होण्यासारखं नसेल तर काम थांबवतं.

"म्हणजे साधं चुकलं तर गप्प राहतं."

"हो. पण नाना, ते बँकेला वगैरे. फोटोत एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर काय बिघडतं?"

नाना हातांकडे बघत बसले. मग शाळेतल्यासारखं विचारायला लागले. डाळ मिलच्या हिशोबात आकडा बदलला तर? मी म्हटलं, ताळा बसणार नाही, कळेल. समोरच्या स्टुडिओवाल्याकडे फोटोत बदलला तर? मी म्हटलं, मूळ फोटो असतोच, शेजारी ठेवून बघायचं.

"आणि माझ्याकडं? ज्याचा दुसरा फोटोच नाही, त्याची चूक कशाशी लावून बघणार, भाऊ?"

बाहेर जिन्यावर एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी म्हणालो, "चुकलं तर घरची माणसं सांगतील की, नाना. त्यांच्याइतका चेहरा कोणाला माहीत?"

नाना त्या दिवशी काही न ठरवता गेले. पण पुन्हा आले, आणि पुन्हा. तेव्हा भुसावळच्या एका इंजिनिअरसाठी जोडलेलं वर्कस्टेशन माझ्याकडे उभं होतं. नाना त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसायचे, एक तळहात त्याच्या डब्यावर आणि दुसरा शेजारच्या साध्या डब्यावर. शेवटी एकदा म्हणाले की घरची माणसं सांगतील, हे तुमचं बरोबर आहे. मला मशीनवर भरवसा ठेवायचा नव्हताच, माणसांवर ठेवायचा होता, ते मी विसरलो होतो. साधं द्या.

मी धुळ्याला जाऊन साधं मशीन बसवून दिलं. नानांनी ते पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि पहिल्या दिवसापासून मॉनिटरवरही उपरणं टाकायला लागले. शिकायला त्यांना माझ्या अंदाजापेक्षा फार कमी वेळ लागला. मुलाचं कपाळ, बहिणीचे डोळे, काकाचा जबडा, सगळं स्कॅन करून एकाच मापाच्या चौकटीत बसवायचे, काळ्यापांढऱ्यात छापायचे, आणि वरून हलक्या हातानं पाण्याचे रंग द्यायचे. थरथरता हात त्या रंगांना चालत होता.

पहिल्या काही कामांनंतर त्यांनी मला बोलावून घेतलं. एका छापावर बोट ठेवून म्हणाले, "हा मी काढला नाही."

डाव्या डोळ्याखाली, गालाच्या उंचवट्यावर एक तीळ होता. मी म्हटलं, स्कॅनरच्या काचेवर कचरा असेल. काच पुसली. नाना म्हणाले, मीही पुसली, पडद्यावर तीळ खोडलासुद्धा. साठवून परत उघडलं की पुन्हा आहे.

"मग घरच्यांना दाखवलं का?"

दाखवलं होतं. साक्रीकडचं शेतकरी कुटुंब होतं. मुलं काही बोलली नाहीत. मुलगी सासरहून आली, तिनं फ्रेम हातात घेतली आणि त्या तिळावर बोट ठेवून रडायला लागली. हा तुम्हाला कोणी सांगितला नाना, लहानपणी मी हा नखानं काढायला बघायची. मग मुलांनाही आठवला.

मी म्हटलं, योगायोग. नाना म्हणाले, असेल. पण दुसऱ्या चित्रातही तीळ त्याच जागी आला. ते त्यांच्या गल्लीतल्या एका कल्हईवाल्याच्या वडिलांचं होतं. त्याला चित्र भिंतीवर लावायचं नव्हतं, पेटीत ठेवायचं होतं, अधूनमधून काढून बघायला. तो चित्राकडे बघून म्हणाला की अब्बांच्या चष्म्याच्या कडेखाली हा झाकलेला असायचा. चष्मा काढल्यावरच दिसायचा, घराबाहेरच्या कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. त्यानं नानांचे हात आपल्या कपाळाला लावले. नाना हे सांगत होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. कोणीतरी दार न वाजवता घरात येऊन बसावं, तसे ते दिसत होते.

तेव्हाच मी त्या मशीनचा डबा उघडायला हवा होता. मी चहा घेतला आणि संध्याकाळच्या एसटीनं जळगावला आलो. कारण तोवर मीही त्यांचं गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं होतं.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना काविळीनं गेला. आम्ही तेव्हा बोदवडला होतो. मी नववीत. त्याचा फोटो म्हणजे सातवीच्या वर्गाचा एक, त्यातही पुढच्या मुलाच्या खांद्यामागे अर्धा लपलेला. पुढे मी जळगावातच, पिंप्राळ्याला घर केलं, आईला तिथे आणलं. आईनं भिंतीवर वडिलांचा फोटो लावला आणि शेजारी एक खिळा ठोकून घेतला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरायची, चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी म्हणून घास टाकायचा, तेव्हा वडिलांचं नाव घेताना ती फोटोकडे बघायची आणि दादाचं नाव घेताना त्या खिळ्याकडे. तिची एकच इच्छा राहिली होती. त्या आखाजीच्या आधी मी तिला धुळ्याला घेऊन गेलो.

नानांनी मला बाकावर बसवलं आणि डोळे मिटून माझ्या तोंडावरून बोटं फिरवली. थरथरणारी बोटं तोंडावर फिरतात तेव्हा आपण आपल्याला अनोळखी वाटतो. त्यांनी आईला विचारलं, आणायला सांगितलेलं विसरला तर काय करायचा? आई म्हणाली, आधी उंबऱ्यातच थांबायचा, मग डोकं खाजवायचा. मला विचारलं, झोपायचा कसा? आम्ही दोघं ओट्यावर एका सतरंजीवर झोपायचो. मी म्हणालो, डाव्या कुशीवर, माझ्याकडे तोंड करून.

चित्र घरी आलं त्या दुपारी आईनं फ्रेमवरचा कागद काढला आणि फ्रेम मांडीवर घेतली. तो दादाच होता. सातवीतला नाही, गेला त्या वर्षाचा. डोकं खाजवायच्या आधी जसा बघायचा तसाच बघत होता. मग आईनं पदरानं काच पुसली आणि डाव्या डोळ्याखाली बोट टेकवलं.

"त्याचा तीय," ती म्हणाली. तीळला आमच्याकडे तीय म्हणतात. "पाह्य, तीय बी काढला."

मी म्हणालो, आई, दादाला तीळ नव्हता. मी त्याच्या शेजारी इतकी वर्षं झोपलो.

आई रागावली नाही. चित्रावरची नजरही तिनं काढली नाही. "तू त्याले निजलेला पाह्यला," ती म्हणाली. "मी जागा पाह्यला."

दुसऱ्याच दिवशी मेमरी तपासायच्या प्रोग्रामची फ्लॉपी घेऊन मी धुळ्याला गेलो. मशीनमध्ये मेमरीच्या दोन कांड्या होत्या. दुसरीतला एक लहानसा भाग खराब निघाला. तिथे काहीही लिहा, वाचताना वेगळंच यायचं. नाना रोज त्याच क्रमानं काम करायचे, तोच प्रोग्राम, त्याच मापाची चौकट. त्यामुळे चित्राचा तोच भाग दर वेळी त्याच खराब जागेवर येऊन पडत असणार. डाव्या डोळ्याखालचा. पडद्यावरचे लाल आकडे नानांना दाखवून मी सगळं समजावलं. मीच आणलेली कांडी, मीच बसवलेली. मी माफी मागितली.

नानांनी एवढंच विचारलं, "बठ्ठास्ले?" सगळ्यांनाच?

सगळ्यांनाच, मी म्हटलं. जेवढे चेहरे या मशीनवर झाले, तेवढ्यांना.

"आणि घरच्यांनी एकानंही नाही म्हटलं नाही."

खराब कांडी मी फेकून देणार होतो. नानांनी ती मागून घेतली आणि कोनाड्यात, तोंड भिंतीकडे करून उभी ठेवली. मग म्हणाले, ते मोठं मशीन आणून द्या. मी म्हटलं, नाना, नुसती नवी कांडी टाकली तरी भागेल, मी फुकट देतो. ते म्हणाले की माणसांवर टाकलेलं काम माणसांना झेपलं नाही, आता ते मशीनवरच टाकायचं. मी वर्कस्टेशन जोडून दिलं, नफा न घेता. त्यानं माझं मन हलकं होईल असं मला वाटलं होतं.

त्या मशीनवर नानांनी सगळे चेहरे पुन्हा पहिल्यापासून केले. तीच कपाळं, तेच ओठ, तेच जबडे. तीळ कुठेही आला नाही. मशीननं एकदाही चूक पकडल्याचं सांगितलं नाही, म्हणजे चूक झालीच नव्हती. मग नवे फोटो पिशवीत घालून ते एसटीनं गावोगाव निघाले, एकेका घरातला जुना काढून नवा लावायला. पैसे मागत नव्हते. फक्त सांगायचे, माझी चूक झाली होती, हा खरा आहे.

कोणीही घेतला नाही. साक्रीकडच्या त्या मुलीनं तर, तुम्ही माझ्या बापाला पुसून टाकलं, असं म्हणून दार लावून घेतलं. कल्हईवाल्यानं चहा पाजला, नवं चित्र दोन्ही हातांनी अदबीनं परत केलं, आणि सांगितलं की काम सुरेख आहे पण हे अब्बा नाहीत. एका गावात लोकांनी नानांना पारावर बसवून समजूत घातली. म्हातारपणी असं होतं, म्हणाले. हे मला नानांनीच सांगितलं, हसत. कोणीच घेत नाही म्हटल्यावर मला वाटलं, आता थांबतील.

ते पिंप्राळ्याला आले तेव्हा दुपार होती. आई अंगणात कुरडया वाळत घालत होती. नाना ओसरीवर टेकले, पाणी प्यायले, आणि पिशवीतून फ्रेम काढून आईच्या हातात दिली. आईनं ओले हात लुगड्याला पुसून ती घेतली, उजेडाकडे धरली. तिच्या चेहऱ्यावर परक्याच्या मुलाबद्दल असते तशी माया आली.

"चांगला पोरगा हाये," ती म्हणाली. "कोनाचा हाये?"

नानांनी तिच्याशी वाद घातला नाही. ते माझ्याकडे वळले. मशीन तपासलं तेव्हा त्या लाल आकड्यांसमोर मी त्यांच्या शेजारी उभा होतो. इतक्या घरांतून परत पाठवल्यावर, ज्याला सगळं माहीत आहे अशा माणसाच्या दारात ते आले होते. मी एकदा नाही म्हटलं असतं तर त्यांना पुरलं असतं. बाकीच्या घरांचं त्यांनी सोडून दिलं असतं.

"तुना भाऊले तीळ व्हता का?" त्यांनी विचारलं.

आईही माझ्याकडे बघत होती. मी भिंतीकडे पाहिलं. तिथे वडिलांच्या शेजारी दादा होता, हार घातलेला. मी डोळे मिटून ओट्यावरचा दादा आठवायचा प्रयत्न केला. सतरंजी आठवली, त्याचा श्वास आठवला. तो कुशीवरून उठून बसला, माझ्याकडे वळला, आणि त्याच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता.

"होता, नाना," मी म्हणालो.

आईसाठी खोटं बोललो, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तसं असतं तर बरं झालं असतं. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं.

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आईच्या हातून फ्रेम घेतली आणि माझ्यासमोर उभी धरली. हात नेहमीसारखे थरथरत होते, त्यामुळे आतला चेहरा काही बोलायला लागल्यासारखा हलत होता.

"मंग हाऊ कोन शे?" ते म्हणाले. मग हा कोण आहे?

आई कुरडयांकडे परत गेली होती. नाना थोडा वेळ थांबले, मान किंचित तिरकी करून, आणि उठले.

मी कोपऱ्यापर्यंत जाऊन रिक्षा आणली. बस स्टँडवर सोडायला येतो म्हणालो, तर त्यांनी नको म्हणून हात हलवला. फ्रेम त्यांनी पिशवीत घातली नाही, उपरणंही टाकलं नाही. मांडीवर उभी धरली, चेहरा बाहेरच्या बाजूला करून. रिक्षा निघाली. नाना समोर बघत होते. तो मुलगा मात्र, रिक्षा वळेपर्यंत, माझ्याकडे बघत होता.